सव्वा मूठ

कानबाईच्या आदल्या दिवशी झुंबरबाईच्या अंगात देवी येत नसे, पण आवाजात मात्र नक्की येई. वर्षभर नवऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी ही बाई श्रावणातल्या त्या शनिवारी ओसरीवर सूप घेऊन बसली, की घरचे मालक, तिचे यजमान गिरधर आबासुद्धा चपला अंगणात काढून गुपचूप आत येत आणि सांगितलेल्या जागी बसत.

"आबा, हात धुयात का?"

"धुयात."

"कोपरपर्यंत?"

आबा उठले आणि पुन्हा हात धुऊन आले. कोणी हसलं नाही. हसायची सोय नव्हती.

कानबाई, खानदेशची देवी, रविवारी नारळाच्या रूपात बसे आणि सोमवारी नदीवर जाई; त्यासाठी आदल्या दिवशी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडायचा. ज्याच्या त्याच्या शेतातला, ज्याने त्याने आपल्या हाताने टाकलेला. झोळीतल्या लेकराचा हातही त्याचा बाप गव्हाला लावून घ्यायचा. मग ते सगळं घरच्या जात्यावर एकत्र दळायचं आणि त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, देवीला दाखवून घरच्यांनीच एका पंगतीत संपवायचे. पिठाचा कोंडासुद्धा उंबऱ्याबाहेर जायचा नाही. पाहुणा कलेक्टर असला तरी त्याला पुरणाची पोळी मिळेल, रोट मिळणार नाही.

म्हणूनच ज्याचा रोट वेगळा, त्याचं घर वेगळं. धाकट्या आजोबांच्या शाखेने असाच एका श्रावणात आपला रोट वेगळा केला होता. वाटण्या पुढे वर्षभराने झाल्या, पण घर त्या दिवशीच मोडलं, असं सगळे म्हणत. आता गिरधर आबा आणि रतिलाल हे दोघे सख्खे भाऊ आपापली वावरं वेगळी कसत होते खरे, पण विहीर एक होती, बैल एक होते आणि कानबाई एक होती.

पहिला मान आबांचा. झुंबरबाईने आतून पितळी ताटात गहू आणून पुढे ठेवला. आबांनी मूठ भरली, सुपात सोडली, वर पाव मुठीची चिमूट घातली आणि तळहातावर चिकटलेले दोन दाणे निरखत थांबले.

"दाना काय भारी शे आवंदा! देख रे निंबा. ही मेंढ्यासनी कमाई."

हे मुलाला, निंबाला उद्देशून होतं, पण बोलले ते खांबाला टेकून बसलेल्या रतिलालकडे बघत. वैशाखात हिलाल ठेलारी हा मेंढपाळ आपला कळप घेऊन आला की आबा त्याच्या मेंढ्या रात्रीच्या आपल्या वावरात बसवून घेत, बदल्यात त्याला धान्य देत. लेंड्यांचं खत जमिनीला आईच्या दुधासारखं लागतं, हे त्यांचं वाक्य घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. रतिलालने दोन वर्षांपासून वाट बदलली होती. त्याच्या वावरात कंपनीचं पांढरं, साखरेसारखं दिसणारं खत पडत होतं. गाव त्याला कंपनीचं मीठ म्हणे.

निंबाने मूठ टाकली. आबांचा चुलतभाऊ पितांबर आला, त्याने टाकली आणि सवयीप्रमाणे दोन्ही पक्षांना बरं वाटेल असं काहीतरी पुटपुटला. मग रतिलाल उठला. धोतराच्या सोग्यात बांधून आणलेली पुरचुंडी सोडू लागला.

"थांब रती," आबा म्हणाले. "तुनी मूठ नही टाकानी."

झुंबरबाईचा सुपावरचा हात जागच्या जागी राहिला.

"काबरं?"

"कंपनीना मीठवर पिकेल गहू शे तो. रोटमा नही चालाव."

"भाऊ, घरमा बठ्ठा खातस तो गहू. मना पोऱ्या खातस, मी खास. कोनले काय व्हयनं?"

"आज नही व्हयनं. उद्यानं कोन सांगी? कपाशीनी पावडर इसरी गया का? तो पावडरवाला बी असाच हासत उन्हता. पानं जळनात, तवय कोठे गया तो? पत्ता शे का त्याना?"

"ती कंपनी दुसरी व्हती."

"माले बठ्ठ्या कंपन्या एकच दिसतस. त्यासना मानूस येस जीपवर, आनि आपन राहतस जमीनवर."

पितांबरने मान डोलावली. रतिलालने त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा त्याने ती डोलावणं थांबवलं.

"तुमना मतलब काय? मनी मूठ नही, मंजे मी या घरना नही?"

"मी तुले नही म्हनत. तुना गहूले म्हनस. कोठीमाईन मना गहू ले, तुना हातघाई टाक."

"दुसराना गहू टाकाना? मना वावर काय ओसाड शे?"

"तुना पोटना मालक तू शे, रती. कानबाईना मालक कोनी नही."

रतिलालने पुरचुंडीची गाठ पुन्हा मारली.

"बरं आबा," तो म्हणाला. "मंग मना रोट येगळा."

तो पायऱ्या उतरून गेला. साऱ्या गावाचे ते आबा होते, पण रतिलालच्या तोंडी जन्मापासून 'भाऊ' होतं. वडील गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता, आणि त्याला खांद्यावर घेऊन मोट हाकणाऱ्या माणसाला त्याने कधी दुसरी हाक मारली नव्हती. हे आबांना कळलं, झुंबरबाईला कळलं आणि कधी नव्हे ते पितांबरलाही कळलं.

*

रतिलालच्या वावराच्या बांधावर, रस्त्यावरून दिसेल अशी, पत्र्याची पाटी होती. 'आदर्श प्लॉट. शेतकरी : श्री. रतिलाल पाटील.' खाली लहान अक्षरांत कंपनीचं नाव. पाटी लागली त्या आठवड्यात रतिलाल शिरपूरच्या बाजाराला मुद्दाम त्या रस्त्याने, दूरच्या वळणाने जायचा. घरात सगळ्यांनी यावरून त्याची थट्टा केली होती आणि त्याने ती सुखाने करून घेतली होती. मोठ्या भावाच्या सावलीत चाळिशी उलटलेल्या माणसाला आपलं नाव पत्र्यावर का होईना दिसलं, तर आनंद होणारच.

आज तो पाटीच्या सावलीत बसला आणि पुरचुंडी सोडून बघत राहिला. गहू बारीक होता, थोडा मळकट होता. आदर्श प्लॉटमधला टपोरा दाणा तो नव्हेच. हा गहू कडुनिंबाच्या झाडाखालच्या कोपऱ्यातला होता. तिथे पेरणीआधी, गेल्या वर्षीच्या वैशाखात त्याने हिलालला गुपचूप सांगून दोन रात्री मेंढ्या बसवल्या होत्या. त्या कोपऱ्यात कंपनीचा एक कणही पडू दिला नव्हता.

एवढं ओसरीवर बोलला असता तर मूठ तेव्हाच सुपात पडली असती. जीभ रेटली नाही. दोन वर्षं साऱ्या गावाला तो सांगत आला होता, की खतात काही खोट नाही, डोळे मिटून वापरा. आज दुपारी कंपनीचा लीलाधर फोटो काढायला येणार होता. आणि देवीसाठी मात्र त्यानेच कोपरा राखून ठेवला होता. हे कळलं तर पितांबर पुढच्या वर्षीच्या पोळ्यापर्यंत हसेल, आणि पाटीवरचं नाव वाचून रस्त्याने जाणारा गाडीवानही हसेल.

न सांगावं तर रोट वेगळा. सांगावं तर तोंड दाखवायला जागा नाही. रतिलाल बराच वेळ दाणे या हातातून त्या हातात करत बसला. भावाचा राग आला होता, आणि भाऊ एका परीने बरोबर होता याचा जास्त राग आला होता.

*

स्वयंपाकघरात रतिलालची बायको लताबाई गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, चिरत होती. विळीवर फोडी पडत होत्या त्या भाजीसाठी फारच बारीक.

"रोट येगळा व्हयना ते मी काय करू अक्का?" ती झुंबरबाईला म्हणाली. "एकटी गानं म्हनू? एकटी देवी बसाडू? माले तर नारळले नथ घालता बी नही येस, ती तुम्हीच घालतस."

"कोनी येगळं नही व्हस. रडू नको, भाजी खारट व्हई."

"तुम्ही आबासले सांगा."

"सांगसू. पन आज त्या आयकाव नहीत. तुना नवराले सांग, दोन शबद गोड बोल म्हना."

लताबाईने विळीवर पुढची फोड धरली. तिच्या पोटात दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही बाहेर काढायच्या नव्हत्या. कोपऱ्यातल्या गव्हाची गोष्ट नवऱ्याने तिला सांगितली होती, कानबाईची शपथ घालून. दुसरी गोष्ट मोठ्या दिराची होती. दिवाळीनंतर, गव्हाच्या पेरणीला, आबा एकदा मागच्या दाराने आले होते. इकडेतिकडे बघत, उपरण्याखाली तांब्या लपवून. "लता, रतीना पोतामाईन तांब्याभर मीठ दे. कोनले सांगू नको." तिने दिलं. पुढे तिने पाहिलं, की विहिरीच्या पाटाशी आबांनी दोन वाफे केले आहेत, एकाला ते मीठ आणि दुसऱ्याला लेंड्या, आणि रोज सकाळी दात घासता घासता ते दोन्ही वाफ्यांपाशी उभे राहून बघतात. एकदा तर त्यांनी ते खत जिभेवर ठेवून पाहिलं आणि अर्धा दिवस थुंकत राहिले.

नवरा दिराची चोरून नक्कल करत होता, दीर नवऱ्याची. आणि दोघांनाही जगात विश्वासाचं माणूस एकच मिळालं होतं. लताबाईला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. त्यात गंगाफळाचा पार चुरा झाला.

"अक्का," ती शेवटी म्हणाली, "हाई घरना पुरुष भलता खोटा शेतस."

"आज कळनं तुले?" झुंबरबाई म्हणाली.

*

लीलाधरची जीप आली ती गावातली अर्धी पोरं मागे घेऊन. माणूस धुळ्याचा, अंगाने भरलेला, गळ्यात कॅमेरा, कपाळावर घाम आणि तोंडावर न पुसता येणारं हसू. त्याचा राग धरणं अवघड होतं. आबांना ते जमत होतं, पण त्यांनाही कष्ट पडत.

"राम राम आबा! रतिलालभाऊ कुठे आहेत? आज त्यांचा फोटो. धुळ्याच्या हापिसात लावणार."

"येई. बठा. निंबा, चहा सांग."

पितांबरने पाहुण्याला घोंगडी पसरून दिली आणि स्वतः त्याच्या जवळ बसला. फोटोत कडेला आपणही येऊ, असा त्याचा हिशोब असावा.

"आबा, तुम्ही एकदा तरी आमचं खत वापरून बघा. सोनगीरला विचारा, तिथे शेतकरी काय म्हणतात."

"सोनगीरले मना साडू शे," आबा म्हणाले. "त्यानी इचारं तुम्हले. तुम्ही त्याले सांगं, शिरपूरकडे इचारा."

पितांबर खो खो हसला. लीलाधरही हसला. तो खोटं पकडलं गेल्यावर चिडणाऱ्यांतला नव्हता.

"आबा, कुठून तरी सुरुवात करावी लागते ना. सगळेच म्हणाले आधी शेजारचं गाव, तर मी जाऊ कुठे?"

"ते बी खरं शे. आते माले एक सांगा. पहिलं वरीस पीक येस, ते मी देखं. दुसरं वरीस बी देखं. पाचवा वरीसले जमीनले काय व्हस?"

लीलाधरने घाम पुसला.

"या भागात येऊन आम्हाला दोनच वर्षं झाली, आबा."

"मंजे पाचवा वरीसनं तुम्हले बी माहीत नही."

"कंपनीचे साहेब म्हणतात, काही होत नाही."

"साहेबना वावर शे का?"

"नाही. बंगला आहे."

"मंग बंगलामा टाका म्हना."

पुन्हा हशा झाला. जीप लांबून दिसली म्हणून रतिलाल येऊन अंगणात उभा होता. भावाची ही फटकेबाजी त्याला एरवी आवडायची. आज तो हसला नाही. लीलाधरने त्याला पाहिलं, त्याला जोर आला आणि तो नको ते बोलून गेला.

"आबा, बोलणं सोपं असतं. रतिलालभाऊंनी हिंमत करून वापरलं तरी. तुम्ही वापरून न बघताच नावं ठेवता."

आबांचा चेहरा लाल झाला. हा घाव बरोबर बसला होता, कारण तो खोटा होता आणि खोटा आहे हे सांगायची आबांनी स्वतःलाच बंदी घातली होती. क्षणभर त्यांनी दम धरला. मग तो सुटला.

"न देखता? मी न देखता बोलस?" ते उठले. "मी पेरी देखं तुमनं मीठ! एक वाफा मीठना, एक वाफा लेंड्यासना. दाना मोठा उना, मी नही म्हनत नही. पन तो टिकस का? त्याच्यामा किडा कवय पडस? ते देखाकरता फागुनपाईन मी तो गहू येगळा ठेवेल शे. थांबा. आनस. त्याना भुगा व्हयना असी, दखाडस तुम्हले."

ते तरातरा आत गेले. बाहेर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. रतिलाल दोन पायऱ्या वर आला.

"भाऊनी मीठ टाकं?" त्याने निंबाला विचारलं.

"माले काय माहीत काका!"

दारात उभी असलेली लताबाई एकाएकी आत गेली.

आबा गव्हाच्या मडक्यासाठी देवघरात शिरले होते. गहू वेगळा ठेवायचा ठरवल्यावर त्यांना साऱ्या घरात एकच जागा अशी सापडली होती, जिथे पोरं हात घालत नाहीत आणि उंदीर येत नाहीत. देव्हाऱ्याच्या खालचा कोनाडा. मडक्याला तोंड बांधायला जुनं लाल फडकं हाताशी होतं, ते बांधलं होतं. आता कोनाड्यात मडकं होतं. फडकं घडी करून शेजारी ठेवलं होतं. मडक्याच्या तळाशी काही नव्हतं.

"निंबानी माय!"

हाक अशी होती, की झुंबरबाई हातातलं सूप घेऊनच आली.

"मडकामाईन गहू कोठे गया?"

"कोठे जाई? सुपमा."

"कोनता सुपमा?"

"एकच सूप शे आज घरमा." तिला नवऱ्याचं कळेना. "देवघरमा ठेवेल, लाल फडकं बांधेल. या घरमा देवीशिवाय कोनासाठी कवय गहू येगळा काढा का? माले वाटनं, आवंदा तुम्हीच निवडीसन ठेवा. बरं वाटनं माले. मी तोच ताटमा आना. तुमना आनि आपला पोरेसना, बठ्ठ्या मुठी त्याच्याच."

आबांनी मडकं उलटं करून पाहिलं.

"आनि किडा म्हनाल तर एक बी नव्हता," झुंबरबाई म्हणाली. "दाना मोत्यासारखा व्हता. तुम्हीच तर म्हनात, मेंढ्यासनी कमाई."

ओसरीपर्यंत सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. आबा बाहेर आले तेव्हा कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळेच बघत होते. लीलाधरला सकाळचं रोटाचं भांडण माहीत नव्हतं. आपलं खत कुठेतरी जिंकलं एवढं कळून तो हसत होता. पितांबरला मात्र राहवलं नाही.

"मंग आबा, आते कसं? तुमना बी रोट येगळा का?"

"गप रे," निंबा म्हणाला.

पण प्रश्न तोच होता. सकाळी घातलेला नियम आता त्यांच्याच दारात बसला होता. त्यांनी सुपाकडे हात केला.

"निवडी काढू. मोठा दाना येगळा दिसस."

"हात लावू नका!" झुंबरबाईने सूप छातीशी धरलं. आवाजात पुन्हा कानबाई आली. "सुपमा पडेल दाना मांगे लेवाना नही. सासूबाईनी माले सांगेल शे, त्यासले त्यासनी सासूनी. देवीनी लिन्हा तो लिन्हा. तुम्हले नही चालस ते तुम्ही जेवू नका."

गिरधर आबा पायरीवर बसले. साठी उलटलेला, पंचायतीत चार गावांचे तंटे तोडणारा माणूस, आता त्याला आपलाच तंटा तोडता येत नव्हता. त्यांनी वर बघितलं. समोर रतिलाल होता.

रतिलालला या क्षणी फक्त गप्प राहायचं होतं. तो जिंकला होता. भावाच्या सुपात कंपनीचं मीठ होतं, दारात कंपनीचा माणूस कॅमेरा घेऊन बसला होता, आणि सकाळचा अपमान व्याजासह फिटत होता. पण पायरीवर बसलेल्या भावाची मान त्याने अशी खाली गेलेली एकदाच पाहिली होती, वडिलांना पोचवून आल्यावर. ती त्याला बघवेना.

त्याने पुरचुंडी सोडली आणि भावाच्या मांडीवर ठेवली.

"भाऊ, दख."

आबांनी दाणे बोटाने पसरले. उचलून डोळ्याजवळ नेले. शेतकऱ्याला दाणा ओळखायला फार वेळ लागत नाही.

"हाई तुना प्लॉटना नही शे."

"नही. निंबना कोपराना शे. हिलालन्या मेंढ्या बसाडेल व्हत्या मी तठे. कंपनीना एक कन बी नही त्याच्यामा."

लीलाधरचं हसू पहिल्यांदा पुसलं गेलं. "रतिलालभाऊ? तुम्हीसुद्धा?"

रतिलालने त्याच्याकडे वळून पाहिलं. लाज वाटत होती, पण वाटेल अशी भीती होती त्याच्या निम्मीच.

"साहेब, मना पोटवर मी तुमनं मीठ खासू. पीक वाढस, ते खरं शे, पाटी राहू द्या. पन देवीना रोट बठ्ठासना शे. त्याच्यावर माले डाव नही खेळाना."

"मंग सकायमा बोलना काबर नही?" आबांनी विचारलं.

"तुम्ही बोलनात का, मना पोतामाईन मीठ लई गयात ते?"

"कोनी सांगं तुले?"

"आते तर तुम्हीच सांगं."

आतून लताबाईचा हसण्याचा आवाज आला. तो ती पदराने दाबत होती, पण पदर कमी पडत होता. मग झुंबरबाई हसली, निंबा हसला, आणि कशाला हसायचं हे नीट न कळता पितांबर सगळ्यांत मोठ्याने हसला. आबांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. हात खाली आले तेव्हा तेही हसत होते, जरा ओशाळून.

"टाक," ते म्हणाले. "तुनी मूठ टाक, रती."

"आनि तुमनी?"

"मनी देवीनी लई लिन्ही. आते ती जाने आनि ती कंपनी जाने."

रतिलालने हात धुतले. झुंबरबाईने 'कोपरपर्यंत' म्हणायच्या आत कोपरापर्यंत धुतले. मळकट बारीक दाणे टपोऱ्या दाण्यांवर पडले, आणि झुंबरबाईने सूप एकदा असं हलवलं, की कुठला कोणाचा हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

फोटो निघाला. त्यात सुपाशेजारी रतिलाल आहे, आबा आहेत, आणि कडेला पितांबर आहे. हापिसात लावायला तो काही उपयोगाचा नव्हता, असं लीलाधरच म्हणाला. जाताना त्याने भीतभीत विचारलं, "वहिनी, आमच्या खताचा गहू पहिल्यांदाच देवाला गेला. सोमवारी एक तुकडा चाखायला मिळेल?"

"नही," झुंबरबाई म्हणाली. "तुम्ही घरना नहीत. भाकर-ठेचा खाई जा."

तो भाकर-ठेचा खाऊन गेला, दोनदा मागून घेऊन.

*

सोमवारी कानबाई वाजतगाजत नदीवर गेली, आणि दुपारी ओसरीवर पंगत बसली. रोट, गंगाफळाची भाजी, खीर. लताबाईच्या हातून झालेला फोडींचा चुरा शिजून पार लगदा झाला होता, पण आज कोणी नाव ठेवलं नाही. अंगणात हात धुवायचा खड्डा खणला होता. रोटाचा हात लागलेलं पाणीही इकडेतिकडे सांडायचं नसे.

पहिला घास आबांचा. तोवर कोणी तोडायचा नाही. त्यांनी रोट मोडला, भाजीला लावला आणि तोंडात घातला. पंगत त्यांच्या जबड्याकडे बघत होती. झुंबरबाई वाढायची थांबली. आबा सावकाश चावत होते, मध्येच थांबून जिभेने दाताला काही लागतंय का बघत होते, पुन्हा चावत होते.

शेजारी बसलेल्या रतिलालला धीर धरवेना.

"कसा लागस, भाऊ?"

आबांनी घास गिळला. वर पाणी प्यायले.

"गहूसारखा."

"मंजे चांगला ना?"

"गहूसारखा म्हनं मी. मेंढ्या आवंदा बी बसतीन, तुना वावरमा बी. तुनी पाटी आर्धा वावरपुरती राहू दे, आर्धा मेंढ्यासले दे." त्यांनी दुसरा घास मोडला. "बाकी चांगला का वाईट, ते पाचवा वरीसले इचार."

पाचव्या वर्षी विचार, म्हणजे पाचव्या वर्षी या पंगतीत, याच पाटावर, आपल्या शेजारी बस. एवढं लांबचं आमंत्रण भावाने त्याला कधी दिलं नव्हतं.

"इचारसू," तो म्हणाला, आणि आबांच्या पानातला अर्धा रोट उचलून त्याने आपल्या पानात घेतला.